क्लेमचं पडणं

क्लेम एंट्विसलची गोष्ट पबमध्ये कुणी हसत हसत काढली की मी अर्धा ग्लास तसाच टाकून उठतो. गोष्ट नेहमी एकच असते. "काय पडायचा तो! आणि ते आकडे मोजणं! हसून हसून पोट दुखायचं." सांगणारा टेबलावर हात आपटतो, ऐकणारे दात काढतात, आणि त्यातल्या निम्म्यांनी क्लेमला कधी बघितलेलंही नसतं. मी बघितलं आहे. ब्रॅकनशॉच्या ट्रॅकवर मी अकरा वर्षं दाताळं ओढलं. शर्यत संपली की मोटरसायकलींनी बाहेर उडवलेली राखड आत ओढायची, खड्डे बुजवायचे, पाणी मारायचं आणि चार मिनिटांत बाजूला व्हायचं, हे माझं काम. दाताळ्याच्या माणसाकडे कुणी बघत नाही, पण त्याला सगळं दिसतं. मला जे दिसलं ते सांगतो. ऐकून ज्याला हसू येईल त्याने दुसरं टेबल बघावं.

क्लेम आमच्याच टेंटर स्ट्रीटवरचा. त्याच्या आणि माझ्या घरात एक भिंत, तीही इतकी पातळ की त्याची बायको हेटी शिंकली तर माझी आई इकडून "देव भलं करो" म्हणायची. गिरणीत माग बिघडले की दुरुस्त करायचे, हा त्याचा धंदा. अठ्ठावीस साली कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानात गॅसच्या कारखान्यातली राखड ओतली, तिच्यावर रोलर फिरवला आणि मोटरसायकलींच्या शर्यती सुरू केल्या. ब्रेक नसलेल्या गाड्या, चार स्वार, चार फेऱ्या, आणि सगळी वळणं डावीकडे. गावात ज्याच्याकडे म्हणून गाडी होती तो पहिल्या शनिवारी तिथे पोचला. बहुतेकांनी कुंपण मोडलं, हाडं मोडली आणि घरी गेले. क्लेम मात्र राहिला.

त्याची चालवायची तऱ्हाच वेगळी होती. वळण आलं की गाडी आडवी टाकायची, डावा पाय मागे फरफटत सोडायचा, गुडघा जवळजवळ जमिनीला, आणि अशा आडव्या गाडीवर थेट कुंपणाच्या कडेकडेने भन्नाट जायचं. डाव्या बुटाखाली पोलादी पत्रा असायचा, त्याच्या ठिणग्या उडायच्या. मागच्या चाकातून राखडीचा असा फवारा निघायचा की पुढच्या रांगेतली माणसं काळी होऊन जायची. आणि त्याच पुढच्या रांगेसाठी भांडणं! बायका रविवारी चर्चमध्ये एकमेकींना सांगायच्या, "अजून केसांतून क्लेमची राखड निघतेय गं माझ्या."

दुसऱ्या गावांशी सामने खेळायला ट्रॅकने संघ काढला आणि क्लेमला त्याचं जाकीट मिळालं, तेव्हा तर त्याचे पाय जमिनीला लागेनात. लाल कापड, छातीवर पांढरं घुबड, पाठीवर आकडा एक, म्हणजे संघातला पहिला स्वार. ते घालून तो रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच चालत जायचा, पावाच्या दुकानात पाव घ्यायला म्हणून. डोक्यात हवा गेली होती, मी लपवत नाही. मी म्हणायचोही, "अरे, पाव तुझ्याकडे बघणार आहे का?" तो म्हणायचा, "पाववाली बघते ना, अ‍ॅम!" माझं नाव अ‍ॅम्ब्रोज ऑगडन, पण तेवढं लांब नाव त्या दिवसांत त्याने कधी उच्चारलं नाही. तेच जाकीट अंगात असताना त्याने माझ्या आईचं कपडे पिळायचं यंत्रही दुरुस्त करून दिलं होतं, आणि बाहीला तेल लागलं म्हणून हेटीच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

पुढे नवी पोरं आली. स्टॅन हॅलम हा त्यांचा म्होरक्या. ही पोरं डावा पाय पुढे टाकायची, गाडी जेमतेम तिरकी करायची आणि आतल्या पांढऱ्या रेषेला चिकटून सुळ्ळकन जायची. ठिणगी नाही, फवारा नाही. पण क्लेम बाहेरून मोठा वळसा घालून येईपर्यंत ही आतून निघूनही गेलेली असायची. क्लेमने पाय पुढे टाकून बघितला, वर्षभर बघितला. जमेना. पस्तिशीला आलेल्या माणसाला नव्याने चालायला शिक म्हणण्यातलाच प्रकार तो. एक नंबरचा तीन झाला, तीनचा सहा झाला, आणि चौतीस साली वसंतात जाकीट गेलं. ते घडी घालून परत द्यायला तो स्वतः गेला. मी ऑफिसच्या बाहेर पाण्याच्या टाकीपाशी होतो. बाहेर आला तो मला म्हणाला, "परत मिळवीन. लिहून ठेव." मी लिहिलं नाही, पण त्याने मात्र ते मनात कोरून ठेवलं होतं. त्यानंतर त्या माणसाला दुसरं काही नको होतं.

संघाबाहेरच्या स्वारांना सामना संपल्यावरच्या किरकोळ शर्यतींत चालवायला मिळायचं, लोक कोट चढवून निघायला लागलेले असताना. अशाच एका शर्यतीत मे महिन्यात क्लेमचं पुढचं चाक रुतलं. तीन कोलांट्या खाऊन तो बसता झाला तर हेल्मेट उलटं, पट्टा नाकावर. पलीकडून कुणीतरी मुष्टियुद्धातल्यासारखं मोजायला लागलं, "एक! दोन! तीन!" बघता बघता सगळं मैदान मोजायला लागलं. आठाला क्लेम उठला आणि गडबडीत भलत्याच दिशेने चालायला लागला. निघालेले लोक परत फिरले होते. असं हसणं त्या मैदानाने तोवर ऐकलं नव्हतं.

हे हसणं मेजर स्टॅनियरने ऐकलं. ट्रॅक त्याचा. कुठल्या पलटणीचा मेजर, ते आम्हाला कधी कळलं नाही. उंटाच्या रंगाचा कोट, ओले ओठ, आणि हातात कायम डुकराचं मांस भरलेली गार पेस्ट्री. बोलताना तिच्यातली थलथलीत जेली मिशीवर यायची आणि तो जिभेने आत घ्यायचा. मी त्याच्याकडून पगार घेताना छताकडे बघायचो.

"एंट्विसल," कपडे बदलायच्या खोलीत तो म्हणाला, "आज किती दिवसांनी लोक तुझ्यासाठी उभे राहिले, लक्षात आलं का?"

"हसायला उभे राहिले, साहेब."

"उभे राहिले ना? मग झालं तर. दर शनिवारी एकदा असाच पड. दुसऱ्या वळणावर, सगळ्यांना दिसेल असा."

"मुद्दाम पडू?"

"मुद्दाम काय म्हणतोस! कसबाने पड. विदूषकाला काय कमी मान असतो?"

क्लेम बराच वेळ बुटाचा पत्रा सोडत बसला. मग म्हणाला, "आणि जाकीट?"

"लोकांच्या तोंडी नाव राहू दे," मेजर जेली गिळत म्हणाला, "जाकिटाचंही बघू."

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मला ते कळत होतं, आणि क्लेमला कळत नव्हतं असं नाही.

घरी जाताना मी त्याला म्हणालो, "म्हणजे माकड व्हायचं ठरवलंस."

"माकड तर माकड. ट्रॅकवर तर असेन."

"अरे, लाज काही आहे की विकलीस?"

"तुझं काय जातंय रे बोलायला? तुला दाताळं परत द्यायला सांगितलंय का कुणी? गिरणीत जाऊन पुन्हा तेलाची बुदली धरली ना, तर मी संपलो. दाराआड असलो तर कधीतरी आत घेतील. गावाबाहेर गेलो तर कोण विचारतंय!"

त्यावर मी थुंकलो. माझी ती सवयच होती. उत्तर नसलं की थुंकायचं.

आणि मग सुरू झाला तो तमाशा. दुसऱ्या वळणावर कुंपणापासून दोन हात आत मी दर शनिवारी कुदळीने वीतभर जमीन उकरायचो, भुसा मिसळायचो, पाणी मारायचो आणि वर राखड पसरायचो. क्लेम त्याला 'अंथरूण' म्हणायचा. पडायच्या आधी गाडी पलीकडे ढकलून द्यायची, खांदा आधी टेकवायचा, मग लोळण. गालात व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बीटचा तुकडा धरलेला असायचा. पडला की तो चावायचा आणि लाल चूळ टाकायचा. बायका किंचाळायच्या, पुरुष मोजायला लागायचे. प्रथमोपचारवाले दोघे स्ट्रेचर घेऊन धावायचे, वाटेत एकमेकांवर आपटायचे, स्ट्रेचर पाडायचे. हेही मेजरने बसवून दिलेलं. आणि बरोबर दहाला क्लेम टुणकन उभा राहून हेल्मेट काढून वाकायचा. पंधरा हजार माणसं, हातात काळ्या वाटाण्यांचे कागदी कोन, बोटांवर व्हिनेगर, तोंडं उघडी, तोंडांत अर्धवट चावलेले वाटाणे. ट्रॅकच्या मधोमध उभं राहून ती तोंडं बघितली की किळस येऊन मी खाली राखडीकडे बघायचो. हीच माणसं तीन वर्षांपूर्वी त्याच्या राखडीसाठी भांडत होती.

पण खरं सांगायचं तर किळस त्यांची कमी यायची आणि क्लेमची जास्त. तो त्यात तरबेज होत चालला होता. स्वयंपाकघरात गादी टाकून सराव करायचा, धपाधप आवाज भिंतीतून यायचा. एकदा मला म्हणाला, "आज दोन लोळणं जास्त घेतली, बघितलीस का?" मी म्हणालो, "बघितली. तुझ्या बापाने बघितली नाहीत हे बरं झालं."  दुसऱ्या दिवशी हेटीने मला परसाच्या कुंपणावरून सुनावलं.

"अ‍ॅम्ब्रोज, त्याच्या फासळ्या बघायला ये एकदा. रोज रात्री हंसाची चरबी चोळते मी. काळ्यानिळ्या झाल्यात."

"मग पडू नको म्हण ना त्याला."

"मी म्हणून थांबणार आहे का तो? तू मित्र ना त्याचा? मग निदान तू तरी नाक मुरडू नकोस. नाक मुरडणारे पैशाला पासरी आहेत गावात."

ती आधी मैदानावर येत नसे. त्या आठवड्यापासून यायला लागली. दुसऱ्या वळणासमोर तिसऱ्या रांगेत बसायची, हातमोजे घालून, ओठ मिटून. मी विचारलं, "कशाला येतेस हे बघायला?" तर म्हणाली, "न हसणारं कुणीतरी असायला नको का तिथे?"

असं एक वर्ष गेलं. पस्तीस सालच्या पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे सगळ्या चर्चच्या मिरवणुका निघाल्या. पुढे बँड, मागे पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली, मध्ये रेशमी झेंडा. आमच्या चर्चच्या झेंड्याचा डावा खांब क्लेमकडे होता, त्याच्या वडिलांपासून तो मान त्यांच्या घराकडे. वर्षातून एवढा एक दिवस तो सुटाबुटात, मान ताठ करून चालायचा. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्याचा पाय फुटपाथच्या कडेला अडखळला. पडला नाही, नुसता झोकांडला. पण कुणीतरी दुकानाच्या पायरीवरून ओरडलं, "एक!" मग "दोन!" म्हणायला दहा जण होते, आणि "तीन" म्हणायला अख्खी बाजारपेठ. बँडवाल्यांना हसू आवरेना, कर्ण्यांतून भलतेच सूर निघायला लागले. पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली मोजत होत्या. पाद्रीसाहेब प्रार्थनेचं पुस्तक तोंडावर धरून हसत होते. क्लेम झेंडा धरून, समोर बघत, दहापर्यंत तसाच उभा राहिला. आकडे संपल्याशिवाय कुणी पुढे सरकेना. शेजारून हेटीने त्याचा कोपर धरला होता.

सोमवारी तो मेजरकडे गेला. काय बोलला ते मला नंतर त्यानेच सांगितलं. पडणं बंद, नाहीतर येणंच बंद. मेजरने हिशेब केला असावा की एकदा हरला की आपोआप नरम पडेल. म्हणाला, "ठीक आहे. शनिवारच्या शेवटच्या शर्यतीत खरा चालव. जिंकलास तर पुढच्या सामन्याला राखीव म्हणून जाकीट देतो. सात नंबर." सात तर सात. क्लेमला तो एक नंबरासारखाच होता.

शनिवारी दुपारी मी कुदळ घेऊन वळणाकडे निघालो होतो, तो आडवा आला.

"अ‍ॅम, आज अंथरूण नको."

"का? पाठ दुखतेय?"

"आज पडायचं नाहीये. सपाट कर ती जागा. चांगली ठोकून कर." आणि जाकिटाची सगळी गोष्ट सांगितली. डोळे लहान मुलासारखे झाले होते.

मी म्हणालो, "आणि गालातलं बीट? ते काय हॅलमला देणार?"

तो हसला नाही. त्याने तोंड उघडलं, बोटाने गाल ताणला आणि मला दाखवलं, एक बाजू, मग दुसरी. जनावरांच्या बाजारात घोड्याचं दाखवतात तसं. "बघ, काही नाही. तू तरी विश्वास ठेव लेका."

"ठेवला," मी म्हणालो. आणि त्या घटकेला खरंच ठेवला होता.

जागा मी सपाट केली. राखड ओढली, पाणी मारलं, हातरोलर सहा वेळा फिरवला. वरून बघितलं तर ओळखू येत नव्हतं. पण एक वर्ष दर शनिवारी तीच जमीन उकरलेली, तिच्यात भुसा मुरलेला. खालचा थर कुजून स्पंज झाला होता. ते वरच्या रोलरने सुधारणारं नव्हतं. ती उकरून, खडी भरून, आठवडाभर ठोकायला हवी होती. मला हे ठाऊक असायला हवं होतं, कारण ते माझंच काम होतं.

शेवटची शर्यत सुरू झाली. क्लेमबरोबर हॅलमच्या तालमीतली तीन पोरं. क्लेम पहिल्याच वळणावर कुंपणाला भिडला, आडवा, पाय मागे, फवारा आभाळात. जुना क्लेम. माझ्या अंगावर काटा आला. दुसरं वळण आलं, पंधरा हजार माणसांनी श्वास धरला, आणि तो सरळ निघून गेला. लोक "अंऽ" करून खाली बसले. दुसऱ्या फेरीलाही तो पुढे. तिसऱ्या फेरीला वळणावरून गेला तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला. माणूस पुढे होता म्हणून नव्हे, तो पडत नव्हता म्हणून. "पड ना रे!" एक बाई ओरडली. "तुझं पडणं बघायला आलोय आम्ही!"

चौथ्या फेरीला मागचं पोर आतून अगदी जवळ आलं. क्लेमने वेग वाढवायला गाडी आणखी बाहेर घेतली, कुंपणापासून दोन हात. बरोबर त्या जागी. मागचं चाक आत गेलं, गाडी उभी राहिली, आणि क्लेम गाडीसकट आडवा झाला.

मैदानाने एकच आनंदाची आरोळी ठोकली. "एक! दोन!"

मी ट्रॅकच्या आतल्या बाजूला गवतावर उभा होतो. त्याच्यापासून वीस पावलं. माझ्याइतकं जवळ कुणी नव्हतं. आणि माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण तेवढंच सांगायला मी बसलो आहे. माझ्या मनात आलं, हरायची वेळ आली तशी भिऊन पडला. लोकांनी मागितलं आणि याने दिलं. तीच जागा, तोच तमाशा. त्याच्या तोंडातून लाल काहीतरी आलं ते मी बघितलं. दुपारी त्याने मला दोन्ही गाल उघडून दाखवले होते, तरी मला वाटलं, मागून भरलं असेल बीट. शेवटी माकड ते माकडच. मला त्याची इतकी किळस आली की मी थुंकलो.

दहा झाले. प्रथमोपचारवाल्यांनी नेहमीसारखं स्ट्रेचर पाडलं. वीस झाले. लोक खूश होते, आज क्लेम लांबवतोय म्हणून. तिसाला मी त्याच्याकडे पाठ केली आणि दाताळं ओढायला लागलो.

हेटी मला दिसली ती चाळिसाच्या पुढे केव्हातरी. कुंपणावरून उडी टाकून ती राखडीतून धावत होती, एक बूट मागे पडलेला. लोक तिलाही हसले. त्यांना वाटलं, मेजरने नवीन काहीतरी बसवलंय. मी वळलो तेव्हा ती गाडी उचलत होती. गाडी त्याच्या अंगावर होती, आणि धूर जायची तापलेली नळी डाव्या मांडीच्या मागे टेकलेली. ती हातांनी नळी धरून ओढत होती, हातमोज्यांतून धूर येत होता. ट्रॅकवर जळक्या एरंडेलाचा वास कायम असतो, इंजिनात तेच घालतात. त्या वासात आणखी एक वास होता. मी धावलो. वीस पावलं धावलो. पलीकडच्या लोकांना दिसत नव्हतं, ते मोजतच होते. एकसष्ट, बासष्ट.

"तू इथेच होतास!" हेटी एवढंच म्हणाली.

मंगळवारी पाय मांडीतून कापला. मेजरने पुढच्या सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत काळी चौकट टाकून क्लेमचा फोटो छापला, जुना, जाकिटातला, आणि त्या दिवशी मैदान खचाखच भरलं. चाहत्यांच्या मंडळाने दवाखान्यात फळांची करंडी पाठवली. तिच्यावर कार्ड होतं, फितीने बांधलेलं: 'आम्ही अजून मोजतोय, क्लेम. लवकर ऊठ.' त्यांनी ते प्रेमाने लिहिलं होतं. मी ते फाडून खिशात घातलं, नंतर शौचालयात टाकलं. लोकांची शिसारी येऊन मी काय मोठा होणार होतो! ते दूर होते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

दोन आठवड्यांनी मला त्याला भेटू दिलं. चादर डाव्या बाजूला सपाट होती. मी टोपी हातात फिरवत उभा राहिलो.

"अ‍ॅम, मी पुढे होतो ना?" त्याने विचारलं.

"होतास. एका गाडीने."

"जागा बसली का रे? जाणवलं मला. चाक खाली गेलं."

"हो. चूक माझी."

"छे. वर्षभर मीच उकरायला लावली ती." त्याने सपाट बाजूची चादर ओढून घेतली. "मला सगळं दिसत होतं. हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, पण दिसत होतं. तू उभा होतास. मला वाटलं, अ‍ॅमला माहीत आहे. अ‍ॅम येईल." मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मग तू पाठ फिरवलीस. का?"

खोटं बोलायला दहा जागा होत्या. धूर होता, दिसलं नाही, मदतीला हाक मारायला वळलो होतो. पण त्या चादरीकडे बघून जिभेवर येईना.

"मला वाटलं, तू मुद्दाम पडलास," मी म्हणालो. "मला किळस आली तुझी."

त्याने मान हलवली, जुन्या मागात नेमकं काय बिघडलंय ते सापडल्यावर हलवायचा तशी. रागावला नाही. मी म्हटलं रागाव, शिव्या दे. नर्स चहा घेऊन आली, त्याने तिला दोन चमचे साखर घालायला सांगितली.

त्यानंतर तो सत्तावीस वर्षं जगला, भिंतीपलीकडेच. गिरणीच्या फाटकावर हजेरीच्या खिडकीत त्याला बसायचं काम मिळालं. रोज सकाळी कुबड्या टेकत दाराबाहेर यायचा, मीही त्याच वेळेला निघायचो. मला बघितलं की टोपीला हात लावायचा आणि हसून म्हणायचा, "नमस्कार, मिस्टर ऑगडन. बरे आहात ना?"